शिळ्या भाकरीचा डबा

आईनं आपल्या पोटातली ठेव दिली ती निव्वळ एका स्टीलच्या डब्यासाठी.

दूध संघाच्या आवारात शिबिर होतं. पुण्याच्या एका आंत्रपेढीची गाडी आली होती. निरोगी माणसानं आपल्या शौचाचा नमुना द्यायचा, पेढीवाले तो गोठवून ठेवणार, आणि पुढं कधी त्याचं किंवा त्याच्या घरातल्या कुणाचं पोट पार कामातून गेलं तर त्याच ठेवीतून औषध करणार, अशी योजना. बार्शीतल्या बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. नमुना देणाऱ्याला झाकणाचा डबा भेट होता. आईनं डबा हातात घेतला, बुडाला टिचकी मारली, "जाड आहे गं," म्हणाली आणि रांगेत उभी राहिली. काही दुखतं-खुपतं का, असं पेढीवाल्यांनी विचारलं तेव्हा तिनं "छे" म्हटलं.

अण्णांना चेष्टेला विषय मिळाला. "लोक बँकेत सोनं ठेवत्यात. आमच्या मंडळींनी काय ठेवलं ते इचारा," असं ते येईल त्या पाहुण्याला सांगायचे. आई हसायची आणि चहा टाकायला आत जायची. तिचं नाव शैलजा, पण पाहुण्यांसमोर ती कायम ‘आमची मंडळी’च होती.

पुढच्याच वर्षी ती गेली. संध्याकाळी मागच्या पायरीवर बसली होती, बरगडीखाली हात दाबून. तशी ती रोजच बसायची. पोटात जळजळतं, आवळून येतं, हे तिचं गाणं आम्ही इतक्या वर्षांत ऐकेनासे झालो होतो. त्या दिवशी ती म्हणाली, "आज जास्तच वाटतंय हो." अण्णा म्हणाले, "रोजचंच हाय तुजं. ओवा खा." तिनं ओवा खाल्ला. तो हृदयाचा झटका होता. ओव्याची चिमूट अर्धी मुठीतच राहिली.

मी केतकी. जनावरांची डॉक्टर. तेव्हा करमाळ्याला नोकरीला होते, मग बदली मागून बार्शीला आले. लग्न केलेलं नाही, आणि त्यावर आमच्या घरात जेवढं बोलून झालंय तेवढं पुरे आहे. अण्णांना एकटं ठेवण्यात अर्थ नव्हता. एसटीच्या डेपोत जन्मभर मेकॅनिक असलेला हा माणूस इंजिन उतरवून परत चढवायचा, पण शेगडीवर दूध उतू गेलं तर कुणीतरी येईल म्हणून वाट बघत बसायचा.

त्यात त्यांच्या पायाला जखम झाली. साखरेचा आजार जुना, जखम भरेना. अँटिबायोटिकचा एक कोर्स झाला, दुसरा झाला, मग आणखी जबर तिसरा. पाय वाचला. पोट मात्र गेलं.

इथं थोडं सांगायला हवं. आपल्या मोठ्या आतड्यात जंतूंची अफाट वस्ती असते, आपल्या अंगात जितक्या पेशी साधारण तितकेच जंतू. आपल्याला न पचलेलं ते खातात, त्याच्या बदल्यात आतड्याच्या भिंतीला लागणारं अन्न तयार करतात, काही जीवनसत्त्वं देतात, आणि गुंड जंतूंना पाय ठेवायला जागा देत नाहीत. अँटिबायोटिक या वस्तीत शिरलं की चांगला-वाईट पाहत नाही. अण्णांची वस्ती उजाड झाली आणि मोकळ्या जागेत एका दांडग्या जंतूनं ठाण मांडलं. दिवसभर जुलाब, पोटात कळा. एवढा धिप्पाड माणूस, पण सदरा खुंटीला टांगावा तसा अंगावर लोंबायला लागला.

शेजारणीपाजारणींनी दही सुचवलं, ताक सुचवलं. दुकानातल्या प्रोबायोटिकच्या बाटल्या मी स्वतःच आणल्या. त्यात वाईट काही नाही. पण दह्यातले आणि बाटलीतले जंतू पाहुण्यासारखे असतात. चार दिवस राहतात, कामाला हात लावतात आणि निघून जातात. पाहुण्यांच्या जिवावर उजाड गाव वसत नाही. तिथं पुरी वस्तीच नेऊन बसवावी लागते. आम्ही जनावरांचे डॉक्टर हे कधीपासून करतो. गाईचं पोट बंद पडलं की दुसऱ्या धडधाकट गाईच्या पोटातला रस काढून तिला पाजतो, आणि ती दुसऱ्या दिवशी रवंथ करायला लागते.

सोलापूरच्या डॉक्टर फरीदा मुल्ला हेच माणसांत करायच्या. त्यांनी पेढीतल्या अनोळखी लोकांची वस्ती अण्णांना दोनदा देऊन पाहिली. टिकली नाही. मग त्यांनी संगणकावर काहीतरी पाहिलं आणि चष्मा काढून माझ्याकडं बघितलं.

"केतकी, तुझ्या आईची ठेव आहे इथं. एका घरात वर्षानुवर्षं राहिलेल्या माणसांचे जंतू बरेच सारखे असतात. ही टिकायची शक्यता जास्त. पण नमुना थोडा आहे. दोनदा देता येईल, बस. त्यापुढं माझ्याकडं उपाय नाही."

अण्णा खुर्चीत बसून ऐकत होते. एवढ्या आजारातही त्यांना हसू आलं. "म्हंजे ती चेष्टेची ठेव आता मलाच मिळनार?"

"तीच," फरीदाताई म्हणाल्या. "आता नीट सांगा. बाईंचं खाणं काय होतं? या जंतूंना त्यांचं रोजचं अन्न मिळालं तरच ते रुजतात."

"माज्या ताटात जे, तेच तिच्या ताटात. ज्वारीची भाकरी, कालवण, भात. आमच्यात दुजाभाव न्हाई."

हे त्यांनी छातीवर हात ठेवून सांगितलं आणि त्यात खोटं काही आहे असं त्यांना स्वप्नातही वाटलं नसेल. मलाही वाटलं नाही.

गोळ्या आल्या. साध्या पांढऱ्या कॅप्सूल. अण्णांनी पहिली गोळी तळहातावर घेतली आणि बराच वेळ तिच्याकडं पाहत राहिले. मग डोळे मिटून गिळली. मी त्यांना आई घालायची तशीच तव्यावरची गरम भाकरी घालत होते. अण्णांचा जेवणातला राजेपणा असा की भाकरी तव्यावरून थेट ताटात पडली पाहिजे. टोपलीत दोन मिनिटं राहिली तर बोटानं दाबून बघायचे आणि बाजूला सारायचे.

संडासाच्या भांड्यात बसवायची एक तपासणी पट्टी मिळाली होती. ती जंतूंच्या जनुकांवरून त्यांचे वाण ओळखायची आणि फोनवर आकडा पाठवायची, की आईच्या ठेवीतले वाण आतड्यात किती टक्के आहेत. पहिल्या आठवड्यात आकडा वर गेला. दुसऱ्यात घसरला. तिसऱ्यात नावालाही उरला नाही आणि कळा पुन्हा सुरू झाल्या.

एकदाच पुरेल एवढी ठेव उरली होती. ती फुकट गेली की अण्णा जाणार, हे फरीदाताईंनी आडपडदा न ठेवता सांगितलं.

मी त्या दुपारी स्वयंपाकघरात नुसतीच उभी होते. डोकं चालत नव्हतं, म्हणून मांडणी पुसायला घेतली. सगळ्यात खालच्या फळीवर, पिठाच्या डब्यामागं, शिबिरातला तो स्टीलचा डबा होता. आई गेल्यापासून त्याला कुणी हात लावला नव्हता. झाकण घट्ट बसलं होतं. मी फडक्यानं धरून उघडलं.

आत एक भाकरी होती. अर्धी मोडलेली, वाळून कौलासारखी झालेली. आईच्या शेवटच्या दिवसाची.

मला एकदम तिचं वाक्य ऐकू आलं. सुट्टीत घरी आले की ती मला अण्णांच्या शेजारी बसवायची, दोघांना गरम वाढायची आणि म्हणायची, "तू बस. मी मागाहून खाते." मागाहून म्हणजे काय, हे येता-जाता दिसत असूनही मी कधी वळून पाहिलं नव्हतं. मागाहून म्हणजे आमची जेवणं झाली, ओटा पुसला की मग, मागच्या पायरीवर बसून, कालची भाकरी ताकात कुस्करून. कालचा भात कच्च्या तेलाबरोबर. बसताना ती एक लहानसा सुस्कारा टाकायची, "हां गं बाई," एवढाच. आजची उरलेली गरम भाकरी डब्यात जायची, तिच्या उद्यासाठी. माझ्या आईनं सासरी आल्यापासून तव्यावरची भाकरी खाल्लीच नव्हती.

आणि शास्त्र त्याच्याशी किती चोख जुळत होतं! गरम भाकरीतला स्टार्च लहान आतड्यातच पचून जातो. तीच भाकरी रात्रभर गार झाली की त्या स्टार्चच्या साखळ्या पुन्हा आवळल्या जातात, पाचकरसाला दाद देत नाहीत आणि मोठ्या आतड्यापर्यंत जशाच्या तशा पोचतात. तिथले काही जंतू त्यावरच जगतात, आणि त्यांनी टाकलेल्यावर बाकीचे. आईची वस्ती शिळ्यावर उभी होती. आम्ही तिला तीन आठवडे ताजं घालून उपाशी मारलं.

मी फरीदाताईंना फोन केला. बोलता बोलता मला रडू फुटलं. त्या म्हणाल्या, "माझी अम्मीपण मागाहूनच जेवते."

अण्णांना सांगणं अवघड होतं. मी डबा त्यांच्या पुढ्यात ठेवला आणि सांगितलं. ते त्या वाळक्या तुकड्याकडं पाहत राहिले.

"मला वाटलं, ती जेवतीया," ते म्हणाले. "माज्यासारकंच."

दुसऱ्या वेळी आम्ही त्यांना शिळं घातलं. कालची भाकरी, ताक, गार भात. पहिल्या दिवशी घास त्यांच्या तोंडात फिरला. चौथ्या-पाचव्या दिवशी ते स्वतः डबा शोधत आले. आकडा चढत गेला, वीस, चाळीस, साठ, आणि त्याच्या आसपास स्थिर झाला. कळा थांबल्या. सदऱ्यात पुन्हा माणूस दिसायला लागला. मी पेढे वाटले. अण्णा रोज सकाळी माझ्या फोनकडं मान वळवायचे आणि विचारायचे, "आज किती हाय ती?"

"त्रेसष्ट टक्के."

"काल चौसष्ट व्हती," ते काळजीनं म्हणायचे.

सुरुवातीला मला त्याची गंमत वाटली. मग एका दुपारी मी त्यांचा सदरा धुवायला उचलला आणि थबकले. त्याला आईचा वास येत होता. साबणाचा नव्हे, तेलाचा नव्हे. लहानपणी ताप आला की तिच्या कुशीत तोंड खुपसून मी जो वास घ्यायचे, तो. आतड्यातले जंतू अन्न आंबवताना जे वायू सोडतात, त्यातले काही रक्तात मिसळतात आणि श्वासावाटे, घामावाटे बाहेर येतात. माणसाचा वास बऱ्याच अंशी त्याच्या जंतूंचा असतो. हे मला तोंडपाठ आहे. तरीही मी त्या मोरीत सदरा नाकाशी धरून बसून राहिले आणि शेवटी तो धुतलाच नाही.

अण्णांना कांदा नकोसा झाला. आईला कांदा सोसायचा नाही. त्यांना दुपारी चिंच चघळावीशी वाटायला लागली. एक दिवस मी शेळ्यांच्या लसीकरणाहून संध्याकाळी घरी आले, दिवे लागायची वेळ, आणि घरात दिवा नव्हता. मागच्या दारी अण्णा पायरीवर बसले होते. डावा हात बरगडीखाली दाबलेला. मान किंचित कललेली. पाठमोरे होते म्हणून, आणि अंधारून आलं होतं म्हणून, मी "आई" म्हणाले.

त्यांनी वळून पाहिलं. चेहरा घामानं डवरला होता.

"केतके, हे असं तिला रोज व्हायचं?"

"काय होतंय?"

"आवळून येतंय. आन् जळतंय. त्याचं काय न्हाई, सोसंल. पन दिवस बुडाया लागला की मन उगंच घाबरं व्हतंय. कायतरी वाईट घडनार असं. कुनाला हाक मारावी वाटती, आन् मारून उपेग न्हाई असंबी वाटतंय."

मी त्यांच्याजवळ बसले. मला तोच वास येत होता.

"इंजिनाचा आवाज ऐकून मी दुखनं सांगायचो," अण्णा म्हणाले. "सगळा डेपो मला बोलवायचा. ही रोज कुरकुरत व्हती, ते मला आवाज वाटलाच न्हाई. तिचं ऐकाया मला तिची आतडी उसनी घ्याया लागली."

मी फरीदाताईंना विचारलं. त्या सावध बाई आहेत. आतड्यापासून मेंदूपर्यंत जाडजूड मज्जातंतू जातो, जंतू जी रसायनं करतात त्यांनी तो छेडला जातो, मन उदास होणं किंवा धास्तावणं यात त्यांचा हात असू शकतो, असं त्यांनी सांगितलं. "पण ते बायकोच्या आठवणीनं झुरत असतील तरीही हेच होईल. यातलं आईच्या जंतूंचं किती आणि तुझ्या अण्णांचं किती, हे कुठलीच पट्टी सांगू शकत नाही." वस्ती थोडी बदलून त्रास कमी करता येईल, असंही त्या म्हणाल्या. अण्णांनी साफ नाही म्हटलं. "हाय तशी राहू दे," म्हणाले. त्यानंतर ते रोज तिन्हीसांजेला पायरीवर जाऊन बसायचे, कुणाची तरी वेळ ठरलेली असावी तसे. आतून त्यांचं पुटपुटणं ऐकू यायचं. मी आत भाकरी थापत बसायचे आणि शेगडी मोठी ठेवायचे, ऐकू येऊ नये म्हणून.

थंडीत त्यांना ताप भरला. दोन दिवसांत उतरेना तेव्हा मी गाडी करून सोलापूर गाठलं. रक्त तपासलं. फरीदाताईंनी मला बाजूला घेतलं.

"रक्तात जंतू शिरलाय. आणि तो त्या वस्तीतलाच आहे."

"आईच्या?"

"हो. तिच्या पोटात तो वर्षानुवर्षं गुण्यागोविंदानं राहिला. तपासणीत निरुपद्रवी म्हणूनच पास झाला होता. पण अण्णांच्या आतड्याची भिंत आजारानं पातळ झालेली. तिथून तो पलीकडं गेला. सगळ्यात जबर अँटिबायोटिक आजच सुरू करायला हवं. सगळी वस्ती जाईल, पण माणूस वाचेल."

"आधी त्यांचा नमुना काढून ठेवा ना. परत देता येईल."

"ज्यानं माणूस मरतोय तोच परत द्यायचा?" त्या हळू आवाजात म्हणाल्या. "पेढी घेणार नाही, केतकी. मीही देणार नाही."

अण्णा पूर्ण शुद्धीवर होते. फरीदाताईंनी त्यांना सगळं समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं.

"म्हंजे ती जाईल."

"ते जंतू जातील, विलासराव."

"मला औषध नगं."

"अण्णा, मराल तुम्ही!" मी ओरडलेच.

"एकदा ओवा देऊन घालवली तिला," ते म्हणाले. "आता औषध देऊन घालवू? ती मला न्यायाला आली आसंल तर येऊ दे की. तिनं कवा काय मागितलं व्हतं?"

मी भांडले. हात जोडले. माझं कोण आहे दुसरं, असंही विचारलं, जे मी जन्मात कुणाला विचारलं नसतं. ते माझ्या डोक्यावरून हात फिरवत राहिले, पण मान हलवायचे ती नाहीच म्हणून. फरीदाताई म्हणाल्या, शुद्धीवरच्या माणसाच्या मर्जीविरुद्ध त्या सुई लावू शकत नाहीत. जनावराच्या बाबतीत मला हे कधी विचारावं लागलं नव्हतं.

दुपारनंतर ताप डोक्यात गेला. ते मधूनमधून बरळायला लागले. खिडकीतलं ऊन तिरपं झालं, मग भिंतीवर चढलं, मग गेलं. मी त्यांचा हात धरून बसले होते. खोलीत आईचा वास दाटला होता, तापानं जास्तच. दिवे लागायच्या वेळेला अण्णांनी डोळे उघडले आणि माझ्याकडं पाहिलं. त्या पाहण्यात मी नव्हते.

"शैला," ते म्हणाले.

मी त्यांच्या कपाळावरचा घाम पुसला.

"शैला, तू जेवलीस का?"

आईला हा प्रश्न त्यांनी कधी विचारल्याचं मला आठवत नाही. आणि मग मी जे केलं ते ठरवून केलं नाही, पण नकळतही केलं नाही. मी आईचा आवाज काढला. तो काढायला काही कष्ट पडले नाहीत, तो माझ्यात होताच.

"तुम्ही आधी औषध घ्या हो," मी म्हणाले. "मी मागाहून खाते."

ते बघत राहिले.

"मागाहून नक्की खाशील?"

"खाईन."

फरीदाताई दारात उभ्या होत्या. कधी आल्या होत्या कुणास ठाऊक. त्या पुढं झाल्या आणि वाकून, नेहमीच्या स्वरात विचारलं, "विलासराव, औषध देऊ ना?"

"शैला म्हनती तर द्या," अण्णा म्हणाले आणि दंड पुढं केला.

फरीदाताईंनी माझ्याकडं एकदा पाहिलं. या होकाराला काही अर्थ नाही हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. त्यांनी मान वळवली आणि नर्सला सलाईन आणायला सांगितलं.

अण्णा वाचले. ताप उतरला, रक्त साफ झालं. वस्ती अर्थातच गेली. या खेपेला अंगात थोडी ताकद होती, म्हणून पेढीतल्या एका अनोळखी माणसाची वस्ती दिली, आणि ती मुकाट्यानं रुजली. घरी आल्यावर अण्णांनी विचारलं, "आता आत कोन हाय?"

"साताऱ्याकडचा कुणीतरी पोरगा आहे. रोज पोहायला जातो म्हणे."

"बरा हाय बिचारा," ते म्हणाले.

त्यांनी फोनकडं मान वळवली नाही. मीच चोरून पट्टी पाहायचे. ‘पूर्वीच्या ठेवीतले वाण: आढळले नाहीत.’ दुसऱ्या दिवशीही तेच. त्यांच्या सदऱ्याला आता फक्त साबणाचा वास येत होता. मी न धुतलेला तो एक सदरा कपाटात तळाशी होता, तोही हुंगून पाहिला. त्यालाही काही उरलं नव्हतं. आई दुसऱ्यांदा गेली, आणि या वेळी समाचाराला म्हणून दारात चपला काढायलासुद्धा कुणी आलं नाही.

अण्णांना कांदा चालायला लागला. चिंच नको झाली. पोट दुखत नव्हतं, तिन्हीसांजेला मन घाबरं होत नव्हतं, असं ते स्वतः सांगायचे. वजन वाढलं. फरीदाताई खूश होत्या. मी मात्र घरात वावरताना त्यांची नजर चुकवत होते. ते तापात काय बोलले, काय ऐकलं, यावर आमच्यात एक शब्द झाला नव्हता.

मग परवा संध्याकाळी मी कामावरून आले तर स्वयंपाकघरात धूर. शेगडीपुढं अण्णा उभे. हात कोपरापर्यंत पिठानं भरलेले, ओट्यावर पीठ, जमिनीवर पीठ. परातीत थापलेली भाकरी एका बाजूनं फाटलेली. ज्या माणसानं जन्मात पाण्याचा तांब्या भरून घेतला नाही, तो ती फाटकी भाकरी दोन्ही हातांवर तोलून तव्यावर टाकत होता.

"अण्णा, सरा, मी करते."

"हात धू. आन् बस."

मी बसले. त्यांनी ताट मांडलं. भाकरी उलटली, जाळावर धरली, बोट भाजलं, झटकलं. ती थोडीशी फुगली. त्यांनी ती तव्यावरून थेट माझ्या ताटात टाकली, वाफाळती. मग माझ्याकडं पाठ ठेवूनच विचारलं,

"दवाखान्यात बोलली ती तू व्हतीस का?"

मी ताटाकडं पाहत राहिले. खरं सांगितलं असतं तर त्यांच्याजवळ राहिलेलं एवढंसंही गेलं असतं. खोटं बोलायला तोंड उघडेना.

"तुम्हाला ताप होता अण्णा," मी म्हणाले.

त्यांनी मान डोलावली. तेवढ्यानं त्यांना काय कळलं मला माहीत नाही. त्यांनी शेगडी बंद केली, फडक्यानं ओटा पुसला, जरा जास्तच निगुतीनं, कोपरेसुद्धा. मग खालच्या फळीवरून स्टीलचा डबा काढला.

"तुम्हीपण घ्या की गरम," मी म्हणाले. "आता तुम्हाला शिळ्याची गरज नाही. त्या पोराला गरमच चालतं."

"तू बस," अण्णा म्हणाले. "मी मागाहून खातो."

आवाज त्यांचा होता, पण हेल तिचा होता. ‘मागाहून’मधला ‘गा’ ती जसा लांबवायची, तसाच.

ते मागच्या दारी गेले. आत दिवा होता, बाहेर अंधारून आलं होतं. फोन माझ्या शेजारी पडला होता, सकाळचा आकडा मी दोनदा पाहिला होता. तिचं काही उरलेलं नाही, हे मला डॉक्टर म्हणून पक्कं ठाऊक होतं. मी भाकरी मोडली. ती इतकी गरम होती की बोटं भाजली, आणि डोळ्यांतून पाणी आलं ते मी पुसलं नाही.

मागच्या पायरीवरून डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला. आणि पाठोपाठ, बसताना टाकलेला एक लहानसा सुस्कारा.

"हां गं बाई."

तो कुणाचा होता, हे मी वळून पाहिलं नाही. मी घास तोंडात घातला आणि गरम असतानाच गिळला.